पोटासाठी वाजवणारी माणसं

मॅगी चँग जिना उतरते. हातात नूडल्स आणायचा डबा, बंद गळ्याचा अंगासरशी शिवलेला पोशाख, भिंतीवरच्या दिव्याचा मिणमिणता उजेड. टोनी लिअंग समोरून येतो, दोघं अंग चोरून एकमेकांना वाट देतात आणि आपापल्या दिशेने जातात. घडतं ते एवढंच. पण व्हायोलिनवर तीन मात्रांची एक धून घोळत राहते, खाली बाकीच्या तंतुवाद्यांवर बोटांनी छेडलेला ठेका चालू असतो, आणि पाहणाऱ्याचा जीव उगाचच खालीवर होतो. 'इन द मूड फॉर लव्ह' हा २००० सालचा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या डोक्यात ही धून आणि तो जिना कायमचे एकमेकांना चिकटलेले आहेत.

ही धून मुळात या सिनेमाची नाहीच. शिगेरू उमेबायाशी या जपानी संगीतकाराने ती १९९१ मध्ये, ताकेहिसा युमेजी या चित्रकारावरच्या सेइजुन सुझुकीच्या सिनेमासाठी केली होती. 'इन द मूड फॉर लव्ह'चा दिग्दर्शक वाँग कार-वाई याने ती उचलली आणि हाँगकाँगच्या जिन्यावर अशी काही बसवली की मूळ मालकाची आठवण कुणाला राहू नये.

हा सिनेमा मी अधूनमधून नुसता ऐकतो. लॅपटॉप ओट्यावर, पाठ त्याच्याकडे, समोर निवडायची मेथी. चित्रं पाठ झाली आहेत म्हणून असेल, पण आवाजाकडे लक्ष गेलं की हा वेगळाच सिनेमा होतो. नॅट किंग कोल 'क्विसास, क्विसास, क्विसास' म्हणतो. गाणं क्यूबाच्या ओस्वाल्दो फार्रेसचं, भाषा स्पॅनिश, गाणारा अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, १९५८ मध्ये त्याने उच्चार घोकून ही गाणी म्हटली. मग कुठेतरी 'बंगावान सोलो' लागतं. जावातल्या सोलो नदीवर गेसांग या इंडोनेशियन माणसाने १९४० मध्ये केलेलं गाणं, इथे इंग्रजी शब्दांत, आणि आवाज रेबेका पॅनचा. हीच रेबेका पॅन सिनेमात घरमालकीण झाली आहे. सतत माहजाँग खेळणारी, जेवायला थांब म्हणून गळ घालणारी शांघायची बाई. रेबेका पॅन मुळात गायिकाच, तीही शांघायहून हाँगकाँगला आलेली.

आणि मग रेडिओ. 'आपली आवड'मध्ये अमक्याकडून तमक्यांसाठी म्हणून नावं वाचत, तसा तिथला निवेदक सांगतो की जपानला कामासाठी गेलेल्या मिस्टर चॅन यांनी पत्नीच्या वाढदिवसानिमित्त हे गाणं लावायला सांगितलंय. गाणं असतं जोऊ श्वेन या गायिकेचं, चाळिशीच्या दशकातलं. याच गाण्यावरून सिनेमाचं चिनी नाव ठेवलेलं आहे. ही पत्नी म्हणजे मॅगी चँग, आणि तो नवरा जपानमध्ये नेमकं काय करतोय हे एव्हाना आपल्यालाही माहीत असतं आणि तिलाही.

एवढ्या देशांचे आवाज एका चाळवजा इमारतीत ऐकू आले की समीक्षक 'शैली', 'स्मृतिरंजन', 'उत्तर-आधुनिक' असले शब्द काढतात. मला त्यात तितकंसं तथ्य वाटत नाही. १९६२ चं हाँगकाँग असंच वाजत होतं. वाँग कार-वाईचा जन्म १९५८ चा, शांघायचा. पाच वर्षांचा असताना तो हाँगकाँगला आला. आईला नॅट किंग कोल आवडायचा, आणि त्या वेळी हाँगकाँगच्या रेस्टॉरंटांतून लॅटिन संगीत वाजायचं कारण तिथले बहुतेक वादक फिलिपिनो होते, असं त्याने मुलाखतींमधून सांगितलंय. हे कारण मला फार आवडतं. त्यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. नोकरी कुणाला मिळाली होती, एवढाच मामला.

फिलिपिन्सवर स्पेनने तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं आणि १८९८ नंतर तिथे अमेरिका आली. स्पॅनिश पाद्र्यांनी चर्चमध्ये गायला-वाजवायला शिकवलं, लष्करी बँडने ब्रास हातात दिलं, अमेरिकेने जॅझ दिलं. एवढी शिदोरी घेऊन हे वादक शांघाय, हाँगकाँग असे बंदराबंदरांतून पसरले. स्टाफ नोटेशन समोर ठेवलं की वाचून वाजवणार, फॉक्सट्रॉट म्हणा, रुंबा म्हणा, वॉल्ट्झ म्हणा. हॉटेलवाल्यांना आणखी काय हवं?

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण पोर्तुगीज गोव्यात हुबेहूब हेच घडलं. गावच्या चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेजिओ, म्हणजे स्वर वाचून गायला शिकवायचं, व्हायोलिन हातात द्यायचं, आणि गोव्यात पोट भरेना म्हणून ती पोरं मुंबईला यायची. मुंबईच्या हॉटेलांत बँड वाजवायचा आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशी कितीतरी नावं. चाल सुचायची संगीतकाराला, ती पंधरा-वीस वाद्यांत वाटून कागदावर उतरवायचे हे. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांच्या 'अलबेला'तला (१९५१) तो ब्रासचा दणका हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा आहे. पडद्यावरही तो बँड घेऊन दिसतो. शांघाय-हाँगकाँगमध्ये फिलिपिनो आणि मुंबईत गोंयकार, दोघांना एकाच प्रकारच्या साम्राज्याने घडवलेलं आणि एकाच प्रकारच्या गरजेने घराबाहेर काढलेलं.

शांघाय आणि मुंबई या दोन शहरांना जोडणारा एक माणूसही आहे. टेडी वेदरफर्ड. अमेरिकेतला कृष्णवर्णीय पियानोवादक, विशीत आशियात आला तो परत स्थायिक व्हायला गेलाच नाही. शांघायच्या बॉलरूम गाजवल्या, मग मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवलं, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेला. यानेच १९३४ मध्ये ट्रंपेटवादक बक क्लेटनला बँडसकट शांघायला आणलं.

क्लेटनची नोकरी कॅनिड्रोम नावाच्या ठिकाणी होती. कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान आणि त्याला जोडून झगमगता बॉलरूम. मायदेशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने आत घेत नसत, त्या वादकांना इथे मान होता, शिंप्याकडून सूट शिवून घ्यायची ऐपत होती. मग तिथे मारामारीचं एक प्रकरण झालं आणि नोकरी सुटली. परतीचे पैसे जमेपर्यंत कमी दर्जाच्या एका नृत्यगृहात वाजवणं आलं, आणि तिथल्या गिऱ्हाइकांना चिनी गाणी हवी असायची. म्हणून क्लेटन चिनी चाली कागदावर उतरवून आपल्या बँडकडून वाजवून घेऊ लागला. याच काळात त्याचा संबंध ली जिनह्वेईशी आला. पाच स्वरांच्या चिनी चालींना जॅझचा पेहराव चढवून ज्याने शांघायचं लोकप्रिय संगीत उभं केलं, तो हा ली जिनह्वेई. पुढे त्याच्या संगीताला 'पिवळं' म्हणजे अश्लील ठरवण्यात आलं आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत ते बालंट त्याच्यामागे राहिलं.

त्याच्याच गाण्या-नाचण्याच्या मंडळीतून जोऊ श्वेन आली. १९३७ च्या 'स्ट्रीट एंजल'मध्ये ती चहाच्या दुकानात गाणारी पोर झाली. सिनेमाचं नाव एका हॉलिवूडपटाची आठवण करून देणारं, संकलनात रशियन सिनेमाचे धडे गिरवलेले, आणि गाण्यांच्या चाली सुझोऊकडच्या लोकगीतांवरून घेतलेल्या. तिचा आवाज बारीक, नाकातून येणारा. पहिल्यांदा ऐकताना कानाला जरा खटकतो. दुसऱ्यांदा ऐकताना खटकत नाही.

रेडिओवर मिसेस चॅनसाठी लागणाऱ्या त्या गाण्याची चाल चेन गशिनची. शांघायच्या संगीतकारांतला हा सगळ्यात तालेवार माणूस, आणि याचे आजोबा हिंदुस्थानातले होते असं सांगतात. याने १९४० मध्ये केलेलं 'गुलाबा, गुलाबा, माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे गाणं याओ लीने गायलं. फ्रँकी लेनने ते इंग्रजीत म्हटलं आणि १९५१ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते वरपर्यंत गेलं. म्हणजे जॅझ शांघायला आला, चिनी झाला आणि उलट टपाली अमेरिकेला पोचला. चेन गशिनच्या नशिबी मात्र त्यातलं काही आलं नाही. १९५७ मध्ये त्याच्यावर 'उजवा' म्हणून शिक्का बसला आणि १९६१ मध्ये आन्ह्वेईतल्या श्रमछावणीत तो मेला. त्याचा मुलगा चेन गांग तेव्हा नुकताच नावारूपाला आला होता. १९५९ मध्ये त्याने आणि ह झानहाओने मिळून चिनी लोककथेतल्या प्रेमी युगुलावर व्हायोलिन कॉन्चेर्तो रचला होता, जो आजही जगभर वाजतो.

इथवरची गोष्ट गोड आहे. पण शांघाय जपान्यांच्या ताब्यात होतं ते दिवस टाळून पुढे जाता येत नाही. त्या काळातली मोठी तारका ली श्यांगलान. अस्खलित चिनी बोलणारी, जपान्यांनी मांचुरियात उभारलेल्या कंपनीच्या सिनेमांतून चिनी मुलगी बनून जपानी नायकाच्या प्रेमात पडणारी. खरी ती योशिको यामागुची, मांचुरियात जन्मलेली जपानी. हे जाहीर नव्हतं. युद्ध संपल्यावर देशद्रोहाच्या आरोपाखाली तिला पकडलं, आणि जपानहून कुटुंबाच्या नोंदवहीचा उतारा येऊन ती जपानी असल्याचं सिद्ध झालं तेव्हाच जीव वाचला. जी चिनीच नाही तिने चीनशी द्रोह केला असं म्हणणार कसं? 'सांस्कृतिक देवाणघेवाण' हा शब्द सोवळ्यात ठेवणाऱ्यांनी तिची गोष्ट जरूर वाचावी. ती गाणी लबाडीतून जन्मली आणि तरी अप्रतिम आहेत. या दोन्ही गोष्टी एका श्वासात बोलायला जड जातात, पण इलाज नाही.

तिच्यासोबत शांघायमध्ये काम केलेला एक जपानी संगीतकार होता, रिओइची हात्तोरी. बुगी-वुगीचं त्याला वेड. हरलेल्या जपानमध्ये परत जाऊन त्याने बुगीची लाट आणली. अकिरा कुरोसावाच्या 'ड्रंकन एंजल'मध्ये (१९४८) क्षयाने पोखरलेला गुंड तोशिरो मिफुने नाइटक्लबमध्ये बेभान नाचतो, तिथे शिझुको कासागी नावाची बाई अक्षरशः डरकाळ्या फोडत 'जंगल बुगी' गाते. चाल हात्तोरीची, शब्द चक्क कुरोसावाचे. आता हेच गाणं १९६० च्या हाँगकाँगमध्ये ऐका. मँडरिन शब्द, 'जा जाम्बो'चा पुकारा, आणि गाणारी ग्रेस चँग. सिनेमा 'द वाइल्ड, वाइल्ड रोझ', संगीत अर्थात हात्तोरीचं. टोकियोतल्या काळ्या बाजाराच्या चिखलातलं गाणं पंख झटकून हाँगकाँगच्या क्लबात हजर!

या सिनेमाबद्दल मी कुणाशीही तासभर बोलू शकतो. दिग्दर्शक वांग त्येनलिन. कथा 'कार्मेन'ची, पण सेव्हिल नाही की सैनिक नाही. नायिका क्लबात गाणारी, नायक तिथे नोकरीला लागलेला सरळमार्गी पियानोवाला. ग्रेस चँग स्पॅनिश नर्तकीच्या थाटात क्लबात उतरते आणि बिझेच्या ऑपेरातलं ते प्रसिद्ध गाणं मँडरिनमध्ये सुरू करते. प्रेम म्हणजे एक साधा विरंगुळा, त्यात नवल ते काय, पुरुष म्हणजे वेळ घालवायची वस्तू, अशा अर्थाचे शब्द. म्हणताना ती टेबलाटेबलांमधून फिरते, एकेका गिऱ्हाइकाच्या नाकासमोर जाऊन थांबते, आणि ओळीच्या शेवटी आवाज असा खाली सोडते की समोरच्याने चेष्टा समजावी की धमकी, ते त्याचं त्याने ठरवावं. चिनी नाट्यगायनाची आणि पाश्चात्त्य गायनाची, दोन्ही तालमी तिच्या गळ्यात होत्या, त्यामुळे तान घेताना ती कुठल्या बाजूने येईल याचा नेम नाही. गंमत अशी की बिझेने ती चाल स्पेनच्या इरादिएर नावाच्या संगीतकाराकडून, लोकगीत समजून घेतली होती, आणि तिचा ठेका मूळ हवानाचा. हवाना, माद्रिद, पॅरिस, टोकियोचा संगीतकार आणि नानजिंगमध्ये जन्मून शांघायमध्ये वाढलेली गायिका. त्या एका गाण्याचं तिकीट काढायचं तर जहाजाला कुठेकुठे थांबे द्यावे लागतील बघा.

सिनेमाला पैसा सिंगापूरचा. लोक वान थो या धनाढ्य चित्रपटगृहमालकाची ती हाँगकाँगमधली कंपनी. हा गृहस्थ म्हणजे वेगळंच प्रकरण. १९४२ मध्ये जपानी सिंगापूरच्या दारात आले तेव्हा तो बोटीतून निसटला, बोटीवर बॉम्ब पडले, तो जबर भाजला, आणि फिरतफिरत पोचला मुंबईला. तिथे गाठ पडली सालिम अलींशी. पक्ष्यांचं वेड होतंच, मग दोघं मिळून हिंडले, लोकने उत्तम छायाचित्रं काढली आणि पुढे सालिम अलींच्या मोहिमांना सढळ हाताने पैसेही दिले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी नातं असलेला माणूस दुसऱ्या हाताने मँडरिन म्युझिकल काढत होता, हे मला कळलं तेव्हा दिवसभर मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. १९६४ मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात तो गेला आणि त्याच्या कंपनीची रया गेली. मैदान शॉ बंधूंच्या प्रतिस्पर्धी स्टुडिओला मोकळं मिळालं.

शॉ बंधूंकडेही जपानी होतेच. तादाशी निशिमोतो हा कॅमेरामन मांचुरियातल्या त्याच जपानी कंपनीत कामाला होता. हाँगकाँगला रंगीत आणि रुंद पडद्याचं तंत्र जाणणारा माणूस हवा होता, तेव्हा तो तिथे आला. युद्धाच्या जखमा ओल्या असल्यामुळे पडद्यावर जपानी नाव नको, म्हणून त्याला हो लान-शान असं चिनी नाव देण्यात आलं. चेन गांगच्या कॉन्चेर्तोतल्या त्याच प्रेमी युगुलाच्या लोककथेवरचा 'द लव्ह इटर्न' (१९६३) त्याने टिपला. तैपेईच्या लोकांनी तो वेड लागल्यासारखा पुन्हापुन्हा पाहिला. अस्सल चिनी म्हणून ज्याला डोक्यावर घेतलं त्याच्या कॅमेऱ्यामागे हो लान-शान. किंग हूच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये (१९६६) खाणावळीत एकटी बसलेली ती तलवारवाली, तिच्याही कॅमेऱ्यामागे तोच. आणि १९७२ मध्ये ब्रूस लीने 'फिस्ट ऑफ फ्युरी'त जपान्यांना लोळवून थिएटरं डोक्यावर घेतली, त्याच वर्षी स्वतः दिग्दर्शनाला उतरताना 'द वे ऑफ द ड्रॅगन'साठी कॅमेरामन कुणाला घेतलं? निशिमोतोला. ब्रूस लीला जपान्यांचं प्रेम होतं अशातला भाग नाही, त्याला काम येणारा माणूस हवा होता. पिटातल्या प्रेक्षकाची देशभक्ती आणि सेटवरची गरज, यांची गाठ सहसा पडत नाही.

आपल्या सिनेमाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. डॉ. कोटणीसांवरचा व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट सगळ्यांना माहीत आहे, पण ती चीनची गोष्ट आपण आपल्यासाठी सांगितली. उलट दिशेने गेला तो राज कपूरचा 'आवारा'. १९५५ मध्ये तो चीनमध्ये दाखवला गेला, आणि सांस्कृतिक क्रांतीनंतर पुन्हा आला तेव्हा एक अख्खी पिढी त्यावर पोसली गेली. चिनी दिग्दर्शक ज्या झांगक याच्या 'प्लॅटफॉर्म'मध्ये (२०००) शान्शी प्रांतातल्या आडगावची पोरं थिएटरात 'आवारा' बघताना दिसतात. तरी खरं सांगायचं तर चिनी सिनेमाच्या घडणीत आपला हात थोडाच. आपण तिथल्या प्रेक्षकांपर्यंत पोचलो, स्टुडिओपर्यंत नाही. तिथे पगारावर जाऊन राबणारे लोक दुसऱ्या देशांचे होते.

ग्रेस चँगवर परत येतो. लग्नानंतर काही वर्षांत, साठीच्या दशकाच्या मध्यावर तिने सिनेमा सोडला. त्साय मिंग-लिआंग हा मलेशियातल्या कुचिंगचा, तिथे ही गाणी ऐकत वाढलेला, पुढे तैवानमध्ये सिनेमे करणारा. १९९८ मध्ये फ्रेंच निर्मात्यांनी नव्या सहस्रकावर सिनेमा मागितला तेव्हा त्याने 'द होल' केला. तैपेईतली ओलीने फुगलेली इमारत, न थांबणारा पाऊस, माणसांना झुरळांसारखं अंधाऱ्या कोपऱ्यांत सरपटायला लावणारी साथ, आणि मजल्याच्या मध्ये पडलेलं एक भोक. कुणी कुणाशी धड बोलत नाही. आणि मध्येच त्या इमारतीच्या कळकट लिफ्टचं दार उघडतं, आत झगमगीत कपड्यांत नायिका उभी, ओठांवर ग्रेस चँगचं कॅलिप्सो, म्हणजे मूळ त्रिनिदादचा ठेका. शेवटी पडद्यावर दिग्दर्शकाच्या चार ओळी येतात. दोन हजार साली आपल्याला धीर द्यायला ग्रेस चँगची गाणी अजून आहेत, याबद्दल आभार, असा त्यांचा मजकूर. ती तेव्हा पासष्टीला टेकली होती आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहून तिला तीस वर्षांच्या वर झाली होती.